शेंदराखालचा नंबर

लोणी काळभोरजवळ, सोलापूर रस्त्याला लागून जुन्या गाड्या विकणाऱ्या बजरंगच्या आवारात शनिवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध एक पांढरी गाडी होती, गळ्यात झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं. बॉनेट उघडं. आत कोणी नाही, आणि किल्ली समोरच्या पाटावर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवलेली. कफनीतल्या बजरंग महाराजांनी डोळे मिटले, उजवा हात गोमुखीत, जपमाळेच्या पिशवीत घालून जप चालवला आणि एकदम ओरडले, "जाग बाबा, जाग!"

गाडी घरघरून सुरू झाली.

लोकांनी पटापट हात जोडले. "निज बाबा" म्हटल्यावर गाडी बंदही झाली, तेव्हा एका म्हातारीने नारळच फोडला.

वासंतीबाईंनी हात जोडले नाहीत. शनिवार पेठेतल्या शाळेत त्यांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. हाच बजरंग इतर दिवशी शर्ट-पँट घालून गाड्या खपवतो, हे त्यांना ठाऊक होतं. अंगात यायला देवाला बरोबर गिऱ्हाइकांचा वार सापडतो, या विचारानेच त्यांचा पारा चढला होता.

पण शेजारी उभ्या त्यांच्या यजमानांच्या, श्रीनिवासरावांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागे. गेल्या महिन्यात रिक्षा मिळाली नाही, दोन तास उशीर झाला आणि त्यांना श्वास घेता येईना. घरची गाडी हवीच होती, आणि ती वाटेत बंद पडून चालणार नव्हतं.

"अगं, देवाची गाडी आहे," ते म्हणाले. "हीच घेऊ. मला धीर वाटेल."

सोबत आलेला वासंतीबाईंचा भाचा अनंत गॅरेजमध्ये काम करत असे. त्याने टायर दाबले, ऑइल पाहिलं, गाडीखाली वाकून पाहिलं. "ठीक वाटतेय, मावशी."

"इंजिनाचा नंबर?"

अनंत चाचरला. "तिथे शेंदूर आहे. हात कसा लावणार?"

वासंतीबाईंनी आत डोकावून पाहिलं. सगळं इंजिन धुळीने आणि तेलाने काळं, आणि नंबराच्या जागेवर तेवढा चार बोटं ताजा शेंदूर. ज्याला नंबर पाहायचं कळतं, तोही त्याला हात लावणार नाही, हे बजरंगला पक्कं माहीत होतं.

"देवाला बसायला नेमकी तेवढीच जागा मिळाली होय?"

"बाई, वरिजनल इंजिन हाय!" महाराज गरजले. "कंपनीतून आल्यापास्नं पाना लागलेला न्हाई. त्यात पवनपुत्र बसलाय! शेंदूर पुसला तर गाडीचा प्राण जाईल. आन् घरात आजारी मानूस असंल, तर त्याचंबी काय खरं न्हाई."

श्रीनिवासरावांचा चेहरा पांढराफटक पडला. ते पाहून वासंतीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पाना लागला नाही ना? मग इंजिन धरून ठेवणाऱ्या या बोल्टांची डोकी कशाने चकाकतायत? पवनपुत्राने दातांनी फिरवले का?"

"अगं, राहू दे," श्रीनिवासराव कळवळून म्हणाले.

"अहो, तुम्हाला काही होणार असेल तर ते या गाडीने होईल. माझ्या रुमालाने नाही."

त्यांनी पाटावरच्या दिव्यातल्या तेलात रुमाल बुडवला आणि शेंदूर खसाखसा पुसला. खालून आकडे निघाले. अनंतने मान खाली घालून ते मोठ्याने वाचले. श्रीनिवासरावांच्या हातात गाडीच्या नोंदणीचा कागद, आरसी होती. ते एकेक आकडा जुळवत गेले आणि तिसऱ्यालाच थांबले. पुन्हा पाहिलं. नंबर भलताच होता.

"देवानं बदलला आसंल!" महाराज म्हणाले. गर्दीत कोणी तरी फिसकन हसलं.

"मग त्याच देवाला सांगा, गाडी सुरू कर," वासंतीबाई म्हणाल्या. "फक्त हात गोमुखीबाहेर काढून."

महाराजांनी जपाला अशुभ, सोवळं मोडेल, असं काहीबाही सुरू केलं. अनंतने पुढे होऊन गोमुखी ओढली. माळेबरोबर काळा रिमोट खाली पडला. श्रीनिवासरावांनी सावकाश वाकून तो उचलला, क्षणभर हातात धरला आणि बटण दाबलं.

"जाग बाबा, जाग," ते कोरडेपणाने म्हणाले.

गाडी सुरू झाली. या खेपेला कोणीही हात जोडले नाहीत.

"किल्लीशिवाय गाडी सुरू करायचं यंत्र बाजारात मिळतं," वासंतीबाई गर्दीकडे वळून म्हणाल्या. "इंजिन बदलणं हा गुन्हा नाही. आरटीओत नोंद करा आणि खुशाल विका. हे मात्र कुठल्या गाडीतून काढलं, चोरीचं आहे का, किती दिवस चालेल, कोणालाच ठाऊक नाही. देवाला घरी नमस्कार करा. गाडी घेताना बॉनेट उघडा, नंबर वाचा, कागदाशी ताडून पाहा. जिथे हात लावू नका म्हणतील, तिथे आधी हात लावा."

"मला मरणाची भीती वाटते," श्रीनिवासराव बजरंगकडे बघत म्हणाले. "ती तू ओळखलीस, आणि मरण मलाच विकायला निघालास."

कफनी सावरत बजरंग कचेरीकडे सरकू लागला. पण दारात दत्तोबा नावाचा एक शेतकरी आडवा उभा होता. गेल्या शनिवारी त्याने इथूनच लेकीच्या सासरी द्यायला गाडी नेली होती. तिच्या इंजिनावरही असाच शेंदूर होता.

बजरंगवरची नजर न काढता त्याने वासंतीबाईंपुढे हात केला.

"बाई, त्यो रुमाल जरा हिकडं द्या."