ब्रदर डेल्मारची बोटं

वावाऊ बेटावरच्या चर्चच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. परदेशातून आलेले ब्रदर डेल्मार सुरीशिवाय, नुसत्या बोटांनी कॅन्सर काढत होते. बोटं पोटात रुतत, रक्त ओघळे, गोळा बाहेर येई. आणि पुसल्यावर कातडीवर ओरखडाही नसे. लोक गहिवरून स्तोत्रं गात.

निवृत्त शिक्षिका तालिता मात्र धुमसत होती. तिच्या शेजारच्या सिनिवालाही तिच्यासारखाच आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशनची तारीख ठरली होती आणि सिनिवा आता जायला तयार नव्हती.

"अगं, ब्रदरांनी मुळासकट काढला. आता कशाला पोट फाडून घेऊ?"

"असं होय? मग मीही जाऊन येते."

दुसऱ्या दिवशी तालिता टेबलावर आडवी झाली. "आतड्याचा आहे हो, ब्रदर."

"सांगू नका, बोटांना दिसतं. हा व्रण कसला?"

"चार पोरं झाली, बाबा."

ब्रदरांनी डोळे मिटले. "आला, आला... आतड्याला चिकटलाय लबाड!" रक्त ओघळलं, मुठीतून लिबलिबीत गोळा वर आला.

"आतड्यातलाच ना? नक्की?"

"मुळासकट, ताई."

"मग गेल्या वर्षी डॉक्टरांनी कापून काढला तो कुणाचा?" तालिता उठून बसली. "हा व्रण त्याचाच. माझा रोग आता यकृतात आहे."

"शंकेखोराला गुण येत नाही," ब्रदर पुटपुटले आणि मूठ मागे नेऊ लागले. तालिताने मनगट धरलं. तळव्यातून फुटका, लाल पाण्याचा फुगा पडला. तिने गोळा हुंगला.

"यकृत काढलंत खरं, पण कोंबडीचं."

पुढच्या रांगेतल्या बायका कलेजी ओळखून खो खो हसल्या. ब्रदर संध्याकाळच्या बोटीने गेले.

सिनिवा मात्र रडत होती. "मग माझा गोळा आतच आहे?"

"आहे. आतड्यातलं रक्त आधी यकृताकडे जातं. गाठीतून सुटलेल्या पेशी त्याच वाटेने जाऊन तिथे घर करतात. कधी लसिका ग्रंथींत, कधी पोटाच्या अस्तरावर, पुढे फुप्फुसांत. पोट चेपून त्या हाती लागतील होय? तुझा अजून आतड्यातच आहे, म्हणाले ना डॉक्टर? माझा कापला तोवर पेशी सुटल्या होत्या; मला मिळाली नाही ती संधी तुला आहे. कलेजीपायी घालवू नकोस."

त्याच आठवड्यात सिनिवा इस्पितळात दाखल झाली. सोबतीला तालिता, तिचेही उपचार चालू होतेच.

बरं करतो म्हणणाऱ्याला आधी विचारावं: काय काढलंत, कुठून काढलंत, दाखवा पाहू. खऱ्या वैद्याला या प्रश्नांचा राग येत नाही.