पान सत्तेचाळीसवरचा शिक्का

लाकडी मुठीचा, रबरी तोंडाचा एक शिक्का आहे मी. एरवी मी बोलतो तेव्हा धाडकन आवाज होतो आणि तीनच शब्द उमटतात : 'प्रत्यक्ष पाहून तपासले'. अक्षरं माझ्या अंगावर उलटी कोरलेली असल्यामुळे सरळ बोलायचं तर मला आपटूनच घ्यावं लागतं. आज मात्र कुणी न आपटता बोलणार आहे, कारण एक गोष्ट बरेच दिवस मनाला खाते आहे.

मला बनवून घेतलं ते बाबांनी. सरकारी इमारतींच्या छतांवर सौर पॅनेल आणि बॅटऱ्या बसवण्याचा त्यांचा छोटासा व्यवसाय. ऊर्जा खात्याची निविदा निघाली की प्रस्ताव लिहायचा आणि त्याच्या प्रत्येक पानावर सही-शिक्का मारायचा, अशी पद्धत. इतरांचे शिक्के नुसतं कंपनीचं नाव सांगतात. बाबांनी माझ्यावर मुद्दाम हे तीन शब्द कोरायला लावले.

शिक्केवाला म्हणाला, "साहेब, असा शिक्का कुणी करून घेत नाही हो. एखाद दिवशी अंगाशी येईल."

"म्हणूनच करून घेतोय," बाबा म्हणाले.

इमारत स्वतः बघून आल्याशिवाय बाबा मला हात लावत नसत. छतावर चढायचे, पाणी कुठं साचतं ते बघायचे. मग खाली येऊन तिथल्या सगळ्यात जुन्या माणसाला, तो शिपाई असो नाहीतर झाडूवाली, एकच प्रश्न विचारायचे, "वीज गेली की तुमचं काय अडतं?" उत्तर वहीत टिपून घ्यायचे. घराच्या पुढच्या खोलीतच कचेरी होती. परत आले की धुळीच्या बुटांनीच खुर्चीत बसून पानांवर मला टेकवायला लागायचे. आतून आईचा आवाज यायचा, "अहो, निदान बूट तरी काढा! आत्ताच फरशी पुसलीय!"

वय झालं तसा बाबांचा हात थरथरू लागला. मी पान सोडून टेबलावर उमटायला लागलो. तेव्हा एका सकाळी त्यांनी मला ताईच्या, म्हणजे त्यांच्या थोरल्या लेकीच्या, हातात ठेवलं. "जप याला," एवढंच म्हणाले.

ताई कामाला वाघ. लिखापढी तिच्याकडे आणि पॅनेल बसवण्याचं काम तिच्या धाकट्या भावाकडे. पहिली काही वर्षं तीसुद्धा छतांवर चढली. पण एकेका प्रस्तावाला तीन-तीन आठवडे लागायचे. मान अवघडायची, डोळे चुरचुरायचे, आणि काम बहुतेक वेळा दुसऱ्यालाच मिळायचं.

मग भावाने कॉम्प्युटरवर एआय आणून दिलं. "ताई, आपले जुने सगळे प्रस्ताव याला वाचायला दे आणि गंमत बघ."

खरंच गंमत झाली. तीन आठवड्यांचं काम दोन दिवसांत उरकू लागलं. भाषा गुळगुळीत, तक्ते रेखीव. ताई बऱ्याच दिवसांनी वेळेवर जेवली, हेही मला सांगायला हवं. त्या यंत्राला उगाच शिव्या घालण्यात अर्थ नाही.

पूर्वी महिन्याला एक प्रस्ताव जायचा, आता आठवड्याला तीन जाऊ लागले. एवढ्या ठिकाणी जाणार कोण? आधी भेटी आखूड झाल्या, मग फोनवर आल्या, आणि मग बंदच पडल्या. मी मात्र प्रत्येक पानावर उमटतच होतो. आणि लाज वाटते सांगायला, पण मला ते आवडत होतं. दिवसाला चारचारशे वेळा शाईत बुडायचं, सगळ्या प्रस्तावांवर आपलाच रुबाब! आपण काय बोलतोय याचा मी विचारच सोडून दिला होता.

अशातच एका सरकारी प्रसूतिगृहाची निविदा आली. दुपारी तीनला ऑनलाइन मुदत संपत होती. ताई सह्या करत होती, मला टेकवत होती. भाऊ पानं उलटून स्कॅन करत होता.

"ताई, एकदा बघून यायला हवं होतं का गं?" तो म्हणाला. "दोन तासांचा तर रस्ता आहे."

"आता कुठं जातोस? दीड वाजलाय. आणि छतासारखं छत असेल, त्याला काय बघायचंय? पानं उलट भरभर."

पान सत्तेचाळीस आलं. वरपासून खालपर्यंत बॅटऱ्यांच्या हिशोबाचा तक्ता. रिकामी जागा दिसेना म्हणून ताईने मला तळाच्या बारीक ओळींवर आणलं. टेकायच्या आधी एका क्षणात मी त्या वाचल्या :

'या इमारतीतील वापराच्या वेळा मिळाल्या नाहीत. आधीच्या प्रस्तावांवरून संध्याकाळनंतरचा वापर नगण्य धरला आहे. प्रत्यक्ष पाहून खात्री करावी.'

आमचे आधीचे प्रस्ताव बहुतेक शाळांचे आणि कचेऱ्यांचे होते. शाळा पाचला बंद होते. बाळं काही पाचच्या आत जन्मत नाहीत. यंत्राला जे ठाऊक नव्हतं, ते त्याने कबूल केलं होतं. 'प्रत्यक्ष पाहून' हे माझेच शब्द वापरून त्याने विनवलं होतं. आणि मी नेमका त्याच शब्दांवर धाडकन बसलो. शाई जरा जास्तच होती. ओळी दिसेनाशा झाल्या.

काम आम्हालाच मिळालं. ताईने पेढे वाटायला लावले.

पॅनेल बसवून झाली, त्या दिवशी तिथल्या सिस्टरने भावाला विचारलं होतं, "दादा, एवढ्याच बॅटऱ्या? पुरतील ना?" त्याने फाइल काढून माझा ठसा दाखवला. "बघा, तपासलेलं आहे." तिचं तोंड मी बंद केलं.

तीन महिन्यांनी तीच सिस्टर आमच्या कचेरीत येऊन उभी राहिली. पन्नाशीची, हातात प्रस्तावाची प्रत. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"मंगळवारी संध्याकाळी लाइट गेली," ती म्हणाली. "दीड तासात तुमच्या बॅटऱ्या संपल्या. नुकतंच झालेलं, पावणेदोन किलोचं बाळ होतं. त्याला ऊब देणारं यंत्र बंद पडलं. आईच्या छातीशी धरलं, वर माझी शाल टाकली आणि मोठ्या दवाखान्यात पळवलं. वाचलं. पण हात-पाय निळे पडले होते त्याचे. मी बघितलेत."



सिस्टरने पान सत्तेचाळीस उघडून माझ्या ठशावर बोट ठेवलं. "ताई, मी अकरा वर्षं तिथंच आहे. तुम्ही कधी आला होता? मला काही आठवत नाही."

आतल्या दारात बाबा काठी टेकून उभे होते. त्यांची नजर ताईच्या स्वच्छ चपलांवर होती.

"मी आलेच नव्हते," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती प्रसूतिगृहात गेली आणि दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंत तिथंच बसून राहिली. कुठला दिवा, कुठलं यंत्र, किती तास, सगळं बाबांच्या वहीत लिहून आणलं. वाढीव बॅटऱ्या भावाने त्याच आठवड्यात स्वतःहून बसवल्या. मग ताई खात्याला पत्र लिहायला बसली. या वेळी तिने एआयला सांगितलं नाही.

"ताई, हे असं लिहिलंस तर आपल्याला निविदाच भरू देणार नाहीत," भाऊ म्हणाला.

"नाही भरू दिली तर नाही."

पत्र संपल्यावर सवयीने तिचा हात माझ्याकडे आला. तिने मला उचललं, शाईच्या डबीचं झाकण उघडलं, थांबली, आणि मला खाली ठेवलं. मग पेनाने, शेवटच्या ओळीत, स्वतःच्या अक्षरात लिहिलं : 'पान ४७ : पाहिले नव्हते.'

जे मला म्हणता आलं नाही, ते तिने म्हटलं.

दोन वर्षं आम्हाला सरकारी काम बंद आहे. मी खणात पडून असतो, कोरडा. माझ्याखाली त्याच पानाची प्रत आहे, ताईने मुद्दाम ठेवलेली. तुमच्याही टेबलावर माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला टेकवण्याआधी खालची ओळ तेवढी वाचा. आम्हाला ती दिसते हो. पण तोवर तुमचा हात खाली आलेला असतो.