बिनपंख्याचा लॅपटॉप

२०१९ सालच्या श्रावणातली ही गोष्ट. त्या वर्षी पारोळ्याच्या घरी आमची कानबाई, म्हणजे आम्हा खानदेशींची देवी, बसायची होती. माझी मोठी जाऊ धुरपदाअक्का तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती, आणि कानबाईच्या लग्नाचं अख्खं गाणं येणारी आमच्या भाऊबंदकीत ती एकटीच उरली होती.

गाणं पाऊण तासाचं. अक्काला दोन वर्षांपासून माणसांची नावं आठवेनाशी झाली होती; सुनेला, सुनिताला, ती कधी माझ्या नावानं हाक मारायची, कधी स्वतःच्या बहिणीच्या. पण गाण्याची पहिली ओळ तोंडात आली की ती थेट शेवटपर्यंत जायची. मध्ये कुणी अडवलं तर मात्र तिला धागा सापडत नसे. सुनितानं दोनदा फोनवर चित्रीकरण करून पाहिलं. तोंडासमोर फोन धरला की अक्का पदर ओढून गप्प बसायची. तेव्हा त्या वर्षी काहीही करून हे गाणं सबंध टिपून घ्यायचं असं मी ठरवलं.

माझा भाचा रोहिदास धुळ्याला असायचा. ऑर्केस्ट्रा, गॅदरिंग, कीर्तन, जिथे मोठा पडदा लागेल तिथे चार कॅमेऱ्यांची चित्रं जागच्या जागी जुळवून पडद्यावर दाखवायचं त्याचं काम. इतकी वर्षं तो दुसऱ्याच्या मशीनवर राबला होता. आता स्वतःचं घेणार होता. तो म्हणाला, पहिला कार्यक्रम कानबाईचाच करू. कॅमेरे लांब कोपऱ्यांत ठेवू, अक्काच्या लक्षातही येणार नाही, आणि खोलीत न मावणारी माणसं बाहेर मांडवात पडद्यावर बघतील.

मशीन निवडायला तो मला जळगावला गोलाणी मार्केटमध्ये घेऊन गेला. दुकानदार चंदननं एक काळा डबा पुढे ठेवला. उशीएवढा मोठा, बाजूला तीन पंखे. चालू केला तसा काउंटरवरचा कागद उडाला.

"एवढा वारा?" मी विचारलं.

"आजी, चार कॅमेरे एकदम आत येणार, पडद्यावर जाणार, शिवाय रेकॉर्डिंग. ग्राफिक्स कार्ड तापतं. त्याला वारा घालावाच लागतो."

आमच्याकडे कानबाई बसली की विसर्जनापर्यंत दिवा विझू देत नाहीत. खोलीतले पंखे बंद, खिडक्या बंद. त्या खोलीत हा डबा? मी म्हटलं, "हाऊ नही चालाव रे. दिवा इझी जाई."

"मावशी, दिवाले काच लाई देऊत," रोहिदास म्हणाला.

"कानबाईना दिवा शे तो. कंदील नही."

चंदन हसला. "मग डबा शेजारच्या खोलीत ठेवा."

शेजारची खोली म्हणजे स्वयंपाकघर. तिथे रोटाचं, म्हणजे कानबाईच्या प्रसादाचं, पीठ असतं, आणि रोटाच्या घरात भाऊबंदकीबाहेरचं माणूस चालत नाही. रोहिदास माझ्या बहिणीचा मुलगा, माझ्या माहेरचा. त्याला तिथे बसवता येत नव्हतं. हे चंदनला समजावताना मला जरा लाजच वाटली, पण मी हटले नाही.

शेवटी चंदननं एक पातळ लॅपटॉप काढला. त्यात पंखाच नव्हता. आवाज नाही, वारा नाही. मला तो बघताक्षणी आवडला.

"हा ऑफिसच्या कामाला छान आहे," चंदन म्हणाला. "चार कॅमेऱ्यांच्या मिक्सिंगला मी देणार नाही. बंद खोलीत तर नाहीच."

रोहिदासनं तो काळा डबा चंदनकडे परत सरकवला. मग म्हणाला, "मावशी, तू म्हनस तर हाऊच लेऊत." धुळ्याला त्याच्या खोलीवर, छताच्या पंख्याखाली, त्यानं तो लॅपटॉप तासभर चालवून पाहिला. कुठे अडला नाही. त्यानं मला फोन केला तेव्हा मी म्हटलं, बघ, मी सांगत नव्हते?

रविवारी संध्याकाळी कानबाईपुढे बायका बसल्या. चाळीसएक असतील. खोली बंद, घामानं लुगडी पाठीला चिकटलेली. रोहिदास दाराशी पाटावर लॅपटॉप ठेवून बसला होता. अक्कानं सूर धरला. तिचा आवाज पातळ झाला होता, पण एक शब्द चुकत नव्हता. गाण्यात कानबाईला हळद लागली. मांडवातली माणसं पडद्यावर बघत होती.

मी रोहिदासकडे पाहिलं. तो वहीच्या पुठ्ठ्यानं लॅपटॉपला वारा घालत होता. मी डोळे वटारून दिव्याकडे बोट दाखवलं. त्यानं पुठ्ठा खाली ठेवला.

थोड्याच वेळात पडद्यावर अक्काचा चेहरा थिजला. तोंड उघडं, हात अर्धवट वर. मांडवातून आरडाओरडा झाला. "गयं रे, बंद पडनं!" माझे चुलत दीर भिकनभाऊ तरातरा आत आले. "काय रे पाव्हना, काय करी ठेवं?"

अक्का थांबली. तिनं आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. मी मागची ओळ म्हणून दाखवली. दुसरीनं त्याआधीची म्हटली. अक्का नुसतीच मान हलवत राहिली.

"बठ्ठं गानं मोडं या पोऱ्यानी," भिकनभाऊ साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले. रोहिदासनं माझ्याकडे पाहिलं. मशीन मी निवडलं, पुठ्ठा मी खाली ठेवायला लावला, एवढंच सांगायचं होतं. मी दिव्यात तेल घालत राहिले.

सकाळी विसर्जनाआधी अक्काला पुन्हा गायला सांगितलं. ती म्हणाली, "काल म्हनं ना मी बठ्ठं." सगळं गाणं कालच म्हणून झालं, असंच तिला वाटत होतं. त्यानंतर तिनं ते कधीच म्हटलं नाही.

धुरपदाअक्का २०२१च्या जानेवारीत गेली. शेवटी ती बोलतही नव्हती. सुनिता दर वर्षी त्या टिपलेल्या अकरा मिनिटांवरून शिकलेलं गाणं हळदीपर्यंत म्हणते आणि मग आरती सुरू करते. भिकनभाऊंना अर्धांगवायू झाला; मुलाकडे साक्रीला असतात. चंदनचं दुकान आहे तिथेच आहे. त्यानं तो लॅपटॉप परत घेतला आणि रोहिदासनं काळा डबा नेला. पण वर्षाच्या आत करोनानं सगळे कार्यक्रम बंद पडले, तेव्हा त्यानं तो विकला. आता तो धुळ्याला दुकानांमधून सीसीटीव्ही बसवतो. मी मुलाकडे जळगावला असते. कानबाईच्या आधी रोहिदासला फोन करते. तो तब्येत विचारतो, नीट बोलतो. येतो म्हणतो. येत नाही.