सतरावा प्रश्न

कडूबाने प्रार्थनाघराच्या ओट्यावरून तिसऱ्यांदा उडी मारली आणि तिसऱ्यांदाही त्याला काही झालं नाही.

"मोडला काय हात?" धर्माचा वर्ग घेणाऱ्या मनकर्णाबाईंनी आतून विचारलं.

"नाही ना, बाई."

"मंग ये अंदर. ओटा पडन तुह्या पायी."

कडूबाची अडचण खरी होती. उद्या रविवार. खामगावहून फादर फटफटीवर येणार होते. पहिल्या कम्युनियनला, म्हणजे प्रभूची पवित्र भाकर पहिल्यांदा घ्यायला, बसणाऱ्या मुलांची ते धर्माच्या पुस्तकातून तोंडी परीक्षा घेत आणि त्यातल्या सतराव्या प्रश्नाशी हमखास थांबत. देव दुःखातून काय घडवतो? देव दुःखातून चांगलं घडवतो. एवढ्या उत्तरावर त्यांचं भागत नसे. ज्याने त्याने आपल्यावरचं एक दुःख सांगायचं आणि त्यातून निघालेलं चांगलं दाखवायचं. दाखवता आलं नाही, तर कम्युनियन पुढच्या वर्षी. कडूबा नऊ वर्षांचा होता, महाराष्ट्र राज्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, पण एवढ्या काळात त्याच्यावर एकही संकट आलं नव्हतं.

पिंपळगाव राजाजवळच्या त्या वस्तीत कॅथलिक घरं सात आणि यंदा परीक्षेला मुलं पाच. पाचच्या पाच पास करायची, हे मनकर्णाबाईंनी ठरवूनच टाकलं होतं.

"तुळशीराम, तू सांग."

तुळशीराम उभा राहिला. "बैलानं बापाले लाथ मारली. बाप तीन महिने खाटीवर. त्या तीन महिन्यांत त्यानं मले एक खेपही मारलं नाही."

बाईंनी जरा विचार केला. "चालते. बस."

मग चांगुणा उठली. तिची आई पोळ्यानंतर तापाने गेली होती. कम्युनियनसाठी मावशीने पांढरा फ्रॉक शिवून ठेवला होता, तोही वाढत्या अंगाचा नव्हे, बरोबर मापाचा. पुढच्या वर्षी तो तिला झाला नसता.

"माय मेली," चांगुणा म्हणाली आणि खाली बसली.

"अन् चांगलं?"

"काही नाही."

वर्ग मदतीला धावला. मायची गोधडी आता तिलाच मिळते, असं एकीने सुचवलं. कडूबाला राहवलं नाही.

"बाई, एवढं मोठं दुःख तिच्यापाशी वाया चाललं. मले द्या ना!"

चांगुणाने त्याच्या कपाळात पाटी हाणली. चांगलं लिंबाएवढं टेंगूळ आलं. ते चाचपत कडूबा समाधानाने भिंतीला टेकून बसला.

बाईंनी चांगुणाला जवळ बोलावलं. "असं सांग, माय स्वर्गात सुखात आहे."

"ते तिचं चांगलं झालं, बाई. माह्यं काय?"

बाईंनी फळा पुसला. तो आधीच पुसलेला होता.

रविवारी फादर आले. ते केरळचे, मराठी पुस्तकावरून शिकलेले, त्यामुळे वस्तीत सर्वांत शुद्ध तेच बोलत. कडूबाने सांगितलं, "दुःख म्हणजे हे टेंगूळ. चांगलं म्हणजे मले सांगाले दुःख भेटलं." फादरांनी ते दोनदा ऐकलं आणि वहीत बरोबरची खूण केली.

चांगुणाची पाळी आली.

"माय मेली. चांगलं अजून निघालं नाही."

"नीट विचार कर, बाळ. नाहीतर मला पुढच्या वर्षी पुन्हा विचारावे लागेल." फादरांचा आवाज मऊ होता. "आता तुमच्या बाईंकडेच पाहा. त्यांचे पती वीज पडून वारले. म्हणूनच देवाने त्यांना तुमची शिक्षिका केले. किती मुलांचे भले झाले!"

हे उदाहरण फादर सहा वर्षं देत होते. दरवेळी बाई मान डोलवत. आजही ती अर्धी डोललीच.

चांगुणा त्यांच्याकडे वळली. "बाई, नवरा बरा होता का आमी?"

बाहेर फटफटीचं तापलेलं इंजिन थंड होताना टिकटिक करत होतं.

"नवरा," मनकर्णाबाई म्हणाल्या.

फादरांची पेन्सिल हवेतच राहिली. पोरं एकमेकांकडे पाहू लागली.

"तुमीबी बरे आहा," बाईंनी जरा वेळाने भर घातली. "पण तिनं इचारलं म्हून सांगतलं." मग त्या फादरांकडे वळल्या. "फादर, अठरावा घ्या."

"पण सतरावा अजून..."

"तिचं उत्तर झालं. अठरावा घ्या."

बाईंनी फादरांना काही करायला सांगण्याची ही पहिलीच वेळ होती. त्या तेवढ्यावर थांबल्याही नाहीत. चांगुणाच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, जणू परीक्षा दोघींची होती.

फादरांनी पान उलटलं. "देव कोठे आहे?"

'देव सर्वत्र आहे,' असं पुस्तकात छापलं होतं आणि चांगुणाला ते पाठ होतं. तिने बाईंच्या पदराचं टोक मुठीत धरलं.

"इथीच असन कुठीतरी," ती म्हणाली.

फादरांनी पुस्तकात पाहिलं, मग त्या दोघींकडे. मग वहीत बरोबरच्या दोन खुणा केल्या आणि तुळशीरामला हाक मारली.