खंडेनवमीला घासलेला काँप्युटर

डोळ्यांचं दुखणं मी प्रेसमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. टाइप करणारीलाच दिसेनासं झालं, तर तिला मालवणच्या बाजारात कोण ठेवून घेणार? त्यापेक्षा मी काँप्युटरच माझ्या डोळ्यांजोगा करून घेतला. काळा पडदा, त्यावर पिवळी ठसठशीत अक्षरं, बोटाएवढा बाण. जे माऊसने शोधत बसावं लागे, ते कीबोर्डच्या कळांवर बसवलं. एकेक जमवताना जीव मेटाकुटीला आला होता. कुणी विचारलं तर सांगायची, "माका असांच आवडता."

"दशावतारातलो काळो संकासूर दिसता गो तुझो काँप्युटर!" मालक गुणाजीकाका चिडवायचे.

खंडेनवमीला सकाळी आले, तर पडदा पांढराफेक. अक्षरं मुंग्यांएवढी.

"काका, ह्या काय झाला?"

"कात्री घासली, मशीन पुसला, मगे काँप्युटरान काय घोडा मारल्यान?" काका खुशीत होते. "रिपेरीवाल्या सुदेशाक बोलवून आतलो सगळो कचरो काढून घेतलंय. आता कसो, कोरोकरकरीत!"

कामाच्या फायली तेवढ्या वाचल्या होत्या. माझी सगळी मांडणी कचऱ्यात गेली होती. मला रागही आला नाही, नुसता थकवा आला. पूजा झाली की सगळ्यांदेखत देवाचं नाव टाइप करायचा मान दरवर्षी माझा. आता माझं बिंग फुटणार होतं.

काकांनी काँप्युटरला झेंडूची माळ घातली, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा महाराजा, ह्या मशिनाक, शाईक, कागदाक बरकत दी रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"आणि आमच्या लूर्डसच्या डोळ्यांक जो काय त्रास आसा, तो दूर कर रे महाराजा!"

"होय महाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले. कुणी दचकलं नाही. दचकले ती मीच.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं! सगळ्यांना कधीचं ठाऊक होतं. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त सुटल्यासारखं वाटलं. गळ्यातला क्रूस मुठीत धरून मीही मागाहून एकटीच म्हणाले, "होय महाराजा."

काकांनी खुर्ची ओढून दिली. "बस. माका ती तुझी हौस वाटली, चुकलंय. काय करूचा आसा ता सांग, सुदेश करीत."

"नको. माका येता. खंय काय लिवलला आसा, ता फक्त वाचून दाखवा."

काका वाकून, अडखळत एकेक शब्द वाचत गेले. मी सगळ्यांसमोर पडदा काळा केला, अक्षरं पिवळी केली, मोठी केली, मग देवाचं नाव टाइप केलं.

काकांनी चष्मा काढून पडद्याकडे पाहिलं.

"खरांच गो," ते हळूच म्हणाले, "माकाव असांच बरां दिसता."