फूल काढायचं ना?

“काकू, फूल काढायचं ना?” फोटो घेऊन झाल्यावर फोटोवाल्याने कॉम्प्युटरमागून विचारलं.

“काढा की. त्यात विचारायचं काय!” काकू म्हणाल्या. त्यांना वाटलं, फुल साइज फोटोचं विचारतोय.

काका जाऊन वर्ष होत आलं होतं. दोघांचा एकत्र फोटो एकही नव्हता. म्हणून आज काकूंचा फोटो काढून काकांच्या जुन्या फोटोशेजारी जोडायचा, असं मुलीने ठरवलं होतं. जोडीचा फोटो असणार तरी कुठून? कॅमेरा दिसला की काकू स्वयंपाकघरात गडप. लहानपणी गोवरात त्यांच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं, बुबुळावर पांढरा डाग कायमचा राहिला आणि शाळेत नाव पडलं फुली. चुकलेल्या गणितावर मारतात, ती. पुढे बेकरीत केकवर क्रीमची फुलं काढायची नोकरी लागली, तेव्हा मालकही “फुलीची फुलं” म्हणून खिदळला. पोरांना निदान अक्कल नव्हती, याला काय झालं होतं?

“झालं, बघा,” फोटोवाल्याने पडदा वळवला.

काकांशेजारी एक बाई बसली होती. दोन्ही डोळे काळेभोर.

“ही कोण?”

“अहो, तुम्हीच म्हणालात ना, फूल काढा!”

“मला वाटलं, फुल साइज!”

मुलीला हसू फुटलं. “असू दे गं आई. किती छान दिसतेयस! भिंतीवर लावायचाय, चार लोक बघणार.”

काकूंचं डोकंच फिरलं. “चार लोकांपायी जन्मभर तोंड लपवलं. ह्यांनी किती वेळा म्हटलं, ये की शेजारी. नाही गेले. आणि आता ही कोण सटवी आणून बसवलीत त्यांच्याजवळ?”

“आई!”

“माझा डोळा मला परत द्या. नसेल चालत, तर भिंत मोकळी ठेवा.”

फोटोवाला वरमला. “परत आणतो, काकू. पण तुम्ही मान अशी वळवलीत, की डोळा नीट आलाच नाहीये.”

“मग दुसरा काढा.”

काकू पुन्हा स्टुलावर बसल्या. सवयीने मान वळली, ती त्यांनी सरळ केली. कपाळावरची बट कानामागे खोचली. मग उठून स्टूल जरासं बाजूला ओढलं.

“काकू, मधेच बसा ना.”

“नको,” काकू कॅमेऱ्याकडे रोखून बघत म्हणाल्या. “ह्यांना जागा लागेल.”