आधी केसपेपर

ज्या वर्षी घरातल्या धाकट्या लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं आणि रुसवेफुगवे निघून त्याच मुलाशी पुन्हा जुळलं, त्याच वर्षी थोरल्या सुनेला सरकारी दवाखान्यातून नर्सच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. घरात दोन्ही गोष्टींवर बरेच दिवस कुणाचा विश्वास बसेना.

थोरलीला ही शेवटचीच संधी होती. यंदा तिचं वय सरकारी मर्यादेच्या पलीकडे जाणार होतं. मग नर्सिंगचा कोर्स आणि खाजगी दवाखान्यांत उपसलेले कष्ट, सगळंच पाण्यात. नवरा चार माणसांत बोलायला वाघ, पण कमाईला शेळी. घर तिच्याकडे डोळे लावून बसलं होतं.

सल्ला द्यायला सासरे होते. त्याच दवाखान्यात ड्रेसर म्हणून जन्मभर मलमपट्ट्या करून ते निवृत्त झाले होते. खोकत खोकत म्हणाले, "सूनबाई, त्या इमारतीत पाय ठेवलास की आधी केसपेपर काढ. केसपेपर नसलेल्या माणसाकडे तिथं भिंतसुद्धा बघत नाही."

"मामंजी, मी मुलाखतीला चाललेय. आजारी नाही."

"आत गेल्यावर सगळे सारखेच."

"आधी स्वतःच्या खोकल्याचा काढा," सासूबाई आतून म्हणाल्या.

"ड्रेसरला कसला आलाय आजार?" म्हणत मामंजींनी चपला घातल्या आणि ते सुनेबरोबर निघाले.

दवाखान्यात मुलाखत कुठे आहे हे कुणालाच सांगता येईना. शिपाई म्हणाला, "आधी खिडकीवर जा." मामंजींनी 'बघ, म्हटलं नव्हतं?' अशी मान हलवली आणि ते बाहेरच्या बाकावर बसले.

खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "तक्रार काय?"

"तक्रार नाही हो, मुलाखत आहे."

"तक्रार लिहिल्याशिवाय कागद निघत नाही."

मागची रांग खवळली. "अहो बाई, सांगा की काहीतरी! या वयात काहीतरी दुखतच असेल!"

"लिहा मग, काळजी."

"काळजीला इथं विभाग नाही," असं म्हणून कारकुनानं 'अशक्तपणा' लिहिलं आणि तिला पुढच्या खोलीत पिटाळलं.

तिथला तरुण डॉक्टर कागदातच बुडालेला होता. "कधीपासून?"

"कोर्स संपल्यापासून प्रयत्न चाललेत."

"झोप?"

"पत्र आल्यापासून डोळ्याला डोळा नाही."

"भूक?"

"सकाळपासून पोटात काही नाही. पण डॉक्टर, ऐका तरी, मी नर्स आहे!"

डॉक्टरनं पहिल्यांदाच वर पाहिलं. त्याला तिची दया आली. कागदावर त्यानं लिहिलं, 'असंबद्ध बोलते. भरती करावी.'

थोरली समजावून सांगत राहिली आणि समजावता समजावता तिच्या हाताला सलाईन लागलं. वॉर्डात दाराजवळची खाट मिळाली. शेजारच्या आजीची बाटली संपत आली होती. थोरलीनं पडल्या पडल्या हात लांब करून ती बंद केली आणि वॉर्डातल्या मावशीला विचारलं, "सिस्टर कुठायत?"

"जागा रिकामी आहे, बाई. वर मुलाखती चालल्यात त्या कशाला मग?"

"अहो, त्याच मुलाखतीला आलेय मी! सोडा मला."

"सोडायला सिस्टरची सही लागते."

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? थोरली उठून बसली. मावशीनं तिला पुन्हा आडवं केलं. "मोठे डॉक्टर राउंडला येतात. खाट मोकळी दिसली की पेशंट पळाला म्हणून लिहितात. पळालेल्या बाईला सरकार नोकरी देईल होय?"

"मग बाहेर माझे सासरे बसलेत, त्यांना तरी बोलवा."

मामंजी आले. "बघ, केसपेपर काढलास म्हणून आत तरी आलीस."

"आत आले ती आडवीच, मामंजी! वर माझं नाव पुकारतील आता!"

मामंजींनी वॉर्डभर नजर फिरवली. "मोठे डॉक्टर खाटा बघतात, तोंडं बघत नाहीत. ऊठ." मावशी पुढे होण्याआधीच त्यांनी सुनेच्या हातातली सुई काढली, कापूस दाबून झकास पट्टी बांधली आणि स्वतः खाटेवर पडून चादर नाकापर्यंत ओढली. मावशी तोंडाला पदर लावून हसत बाहेर गेली.

वर तीन साहेब बसले होते. मधल्यानं विचारलं, "हाताला पट्टी कसली?"

"आपल्याच दवाखान्याची, साहेब. आजच भरती झाले होते."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. या दवाखान्यात उपचार घ्यायचं धाडस त्यांच्यापैकी कुणाच्या घरी अजून झालं नव्हतं. "असा विश्वास असलेली माणसं पाहिजेत," मधला साहेब म्हणाला. बाकी कुणी काही विचारलंच नाही. निवड तिथल्या तिथे झाली.

थोरली जिना उतरून धावतच वॉर्डात आली. मामंजी खाटेवर उठून बसले होते.

"मिळाली?"

"मिळाली, मामंजी!"

"छान झालं. आता जरा बस. मोठ्या डॉक्टरनं छातीला नळी लावली. बराच वेळ ऐकत बसला. फोटो काढायचाय म्हणाला." ते हसले. "तुझ्या नावानं." त्या हसण्याचा मध्येच खोकला झाला आणि तो लवकर थांबेना.

थोरलीला रुजू व्हायला उशीर झाला तो यामुळेच. दवाखान्याच्या लेखी छाती तिची खराब होती. ती डोळ्यांसमोर धडधाकट उभी होती, पण कागद खोकत होता. तो दुरुस्त होईपर्यंत तिला गणवेश मिळेना आणि मामंजींना औषध. दोन्ही एकाच आठवड्यात मिळालं.

मामंजी पुढल्या वर्षी, पावसाळा सरता सरता, सकाळच्या पाळीत, दाराजवळच्या त्याच खाटेवर गेले. ड्युटीवर थोरलीच होती.